कंठ फुटलेला राघू

नागपूरच्या एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव आणि वस्ती गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा.

दोन वर्षांपूर्वी किंक्रांतीच्या सकाळी शेजारच्या कडुलिंबावर नायलॉन मांज्यात एक लहानसा पोपट उलटा लटकला होता. ताईंच्या मुलानं शिडी लावून तो सोडवला. डावा पंख चिरला होता. डॉक्टरांनी टाके घातले, जीव वाचला आणि ‘पिंट्या’ घरचाच झाला. वर्ष-दीड वर्ष तो ‘इतका गुणी, की घरात पोपट आहे हे पाहुण्यांना कळायचंसुद्धा नाही’. खांद्यावर बसायचा, हातावरचा दाणा घ्यायचा. गेल्या जूनमध्ये मुलगा नोकरीला पुण्याला गेला. पिंट्याला करमावं म्हणून ताईंनी पिंजऱ्यात आरसा लावला. दसऱ्याला मोठा, चकचकीत नवा पिंजरा आणला आणि तो गॅलरीऐवजी हॉलमध्ये टीव्हीशेजारी टांगला. दिवाळीपासून त्याचं बिनसलं. संध्याकाळी सहाला किंचाळायला लागतो तो थांबत नाही. ताईंचं बोट रक्त येईस्तोवर फोडलं. यजमानांवर धावून जातो, छातीची पिसं उपटतो, आरशासमोर खाल्लेलं ओकतो. यजमान म्हणतात, ‘डोकं खाऊन राहिला, अंबाझरी तळ्यावर नेऊन सोडून दे.’ सासूबाईंच्या मते दृष्ट लागली. जाऊबाई म्हणतात, जोडीदार आणा. पत्राचा शेवट असा आहे : ‘आता कुठे गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ उमटून तो देखणा दिसायला लागला होता, तर स्वभाव असा बिघडला. ज्याचा जीव वाचवला तोच चावतो, याचं फार वाईट वाटतं. तो पुन्हा पहिल्यासारखा कसा होईल?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या गळ्याभोवतीच्या रेघेपाशी अडले. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण अर्धं उत्तर तिच्यातच आहे. आपल्या जुन्या माणसांकडे यासाठी नेमका शब्द होता : राघूला कंठ फुटला. आवाज घोगरा झालेल्या, मिसरूड फुटलेल्या पोरांसाठीही आपण हेच म्हणतो, आणि ते उगाच नाही. आपल्या साध्या हिरव्या पोपटांत नराला हा कंठ साधारण तिसऱ्या वर्षी येतो. तोवर नर आणि मादी सारखेच दिसतात. म्हणजे तुमच्या मुलानं झाडावरून उतरवलं ते वर्षाच्या आतलं पोर होतं. आज हॉलमध्ये बसला आहे तो वयात आलेला नर. त्यातून हा फेब्रुवारी. बाहेर त्याच्या वयाचे पोपट जुन्या झाडांच्या ढोल्या धुंडाळत, जागेवरून एकमेकांशी भांडत असतात. पिंट्याकडे ढोली नाही, मादी नाही आणि भांडायला तुमचे यजमान सोडून दुसरं कुणी नाही.

आता ‘पहिल्यासारखा’ या शब्दाकडे वळू. पहिल्यांदा तो कसा होता, तर गप्प. मी पशुवैद्य नाही, पण संक्रांतीच्या दिवसांत जखमी पक्ष्यांच्या शिबिरात बरीच वर्षं मदतनीस म्हणून उभी राहिले आहे. तिथे टेबलावर आणलेला पोपट हातमोज्याला कडाडून चावला, की सगळ्यांना हायसं वाटायचं. गुमान पडून राहणाऱ्याचीच धास्ती असायची. ज्यांची शिकार होते ते जीव संकटात सापडले की पुष्कळदा आवाज करत नाहीत, हलत नाहीत, आजार तर शेवटपर्यंत लपवतात. थव्यात जो लंगडा दिसतो त्याच्यावरच घार झडप घालते, हे त्यांच्या रक्तात आहे. पिंट्याचं पहिलं वर्ष सगळंच भीतीत गेलं, असं मी म्हणत नाही. हातावरचा दाणा तो विश्वासानंच घेत असणार. पण त्या गप्पपणात जखम होती, नवं घर होतं, कोवळं वय होतं. तो सगळाच गुणीपणा नव्हता. तेव्हा तो बिघडला असं म्हणण्यापेक्षा, तो पहिल्यांदाच बोलायला लागला असं म्हणून बघा.

चावण्यानं तुम्हाला लागलं ते बोटापेक्षा मनाला जास्त, हे कळतं. पण घटकाभर त्याच्या जागी बसा. मांजा त्याला कळलेला नाही. आपण त्याला वाचवलं हेही नाही. त्याला आठवत असेल तर एवढंच, की अंगावर दोरा आवळला, मग दोन मोठ्या हातांनी धरलं, मग सुई टोचली. उपकाराचा हिशेब आपल्या बाजूचा आहे. चावणं हा त्या हिशेबातला कृतघ्नपणा नाही. ‘जवळ येऊ नका’ हे सांगायला त्याच्याकडे तेवढंच आहे.

पण ‘वयात आलाय, होईल शांत’ म्हणून मी तुम्हाला सोडणार नाही. छातीची पिसं उपटणं हे वयाचं लक्षण समजून बसू नका. आजार नाही, हे आधी पक्कं झालं पाहिजे.

तुमच्या पत्रातल्या दोन तारखा मला खटकल्या. दसऱ्याला नवा पिंजरा आणि दिवाळीपासून बिघाड. मध्ये जेमतेम वीस दिवस. स्वस्त चकचकीत जाळीवर बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा असतो. पोपट चालतो पायांनी आणि चोचीनं, म्हणजे दिवसभर तो गज चावतच असतो. मुलाम्याचे कण पोटात गेले की जस्ताची विषबाधा होते. पाणी जास्त पिणं, शी पातळ होणं, मरगळ, कधी पिसं उपटणं, असं ते दिसतं. रक्ततपासणीत कळतं आणि वेळेत कळलं तर उपचार आहेत. मी खात्रीनं हेच कारण म्हणत नाही, पण आजच त्याला जुन्या पिंजऱ्यात परत ठेवा. तो अपुरा वाटला तर पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून, पंखा बंद करून खोलीत मोकळा फिरू द्या.

दुसरं, त्याचं डोकं बघा. स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. डोक्यावरची पिसं शाबूत आणि छाती उघडी असेल, तर तो स्वतः उपटतो आहे. डोकंही विरळ झालं असेल तर प्रकरण वेगळं, कातडीचा रोग किंवा किडे. तिसरं, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी, खाण्याआधी त्याचं वजन करा. हा शे-सव्वाशे ग्रॅमचा जीव. त्याचे दहा ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसानं पाच किलो गमावणं, आणि पिसांमुळे ते डोळ्यांना दिसत नाही. दिवसा अंग फुगवून झोपणं, श्वासासोबत शेपटी वरखाली होणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं यातलं काही दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आरसा मात्र हे पत्र वाचता वाचता उठून काढा. तुम्ही तो मायेनं लावला होता, पण आरशातला पोपट त्याला जोडीदार वाटतो. हा जोडीदार कधी उत्तर देत नाही, कधी उडूनही जात नाही. आरशासमोर ओकणं म्हणजे नराचं मादीला भरवणं. यात एक बारकावा आहे : मान वरखाली करत, नीट एका जागी घास ठेवत असेल तर तो प्रियाराधनाचा प्रकार. डोकं झटकून चारी बाजूला उडवत असेल, डोक्याची पिसं चिकट झाली असतील, तर ती उलटी आणि ते डॉक्टरांचं काम.

आरशासोबत आणखी दोन-तीन गोष्टी बंद करा. पाठीवरून, पंखांखालून हात फिरवणं हे पोपटाच्या भाषेत भलतंच आमंत्रण आहे. कुरवाळायचं तर फक्त डोकं आणि मान, तेही त्यानं पुढे केली तर. खोके, सोफ्याखालचा अंधार, वर्तमानपत्राची घडी, असं ढोलीसारखं काहीही त्याच्या वाटेला येऊ देऊ नका. सगळ्यात महत्त्वाची झोप. याला दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. टीव्हीशेजारी रात्री साडेअकरापर्यंत मालिका आणि बातम्या ऐकत जागणारा पक्षी चिडचिडा होणारच. शिवाय दिवस मोठा झाला की त्याचं शरीर विणीचा हंगाम आला असंच समजतं, मग तो उजेड सूर्याचा असो वा ट्यूबलाइटचा. सातनंतर त्याला मुलाच्या रिकाम्या खोलीत न्या, पडदे ओढा, दार लावा.

मुलाचा विषय निघालाच आहे. तो गेल्यामुळे हे झालं असं तुम्ही दोन ठिकाणी सुचवलं आहे आणि स्वतःच खोडलं आहे. माझ्या मते खोडलं ते बरोबर. माणूस गेल्याचा परिणाम पोपटावर होतो, पण मुलगा गेला जूनमध्ये आणि बिनसलं दिवाळीत. मधल्या काळात आरसा आला, पिंजरा बदलला, गॅलरी सुटली, टीव्ही आला, त्यावर फटाके. एवढे बदल एकदम झाले तर माणूससुद्धा घर डोक्यावर घेईल. मुलाला फोनवर ‘तुझ्यामुळे’ असं म्हणू नका.

संध्याकाळी सहाच्या किंचाळण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं मला दरवर्षी येतात आणि ती लिहिणारे सगळे कावलेले असतात. उद्या सहाला गच्चीवर जाऊन उभ्या राहा. आपल्या नागपुरात अजून झाडं आहेत, देवाची कृपा. त्या वेळी पोपटांचे थवे रात्रीच्या मुक्कामाच्या झाडाकडे निघालेले असतात आणि उडता उडता एकमेकांना हाका मारतात. पिंट्याला ते ऐकू येतं. तो हजेरी देतो, आणि त्याच्या हाकेला उत्तर येतं ते यजमानांच्या ओरडण्याचं. त्याच्या कानाला तेही उत्तरच. म्हणून ओरडून तो गप्प होत नाही, आणखी चढतो. कापड टाकून शिक्षा करू नका. पावणेसहालाच त्याला काम द्या : मक्याचं कणीस, कडुलिंबाची किंवा शेवग्याची ताजी डहाळी, फाडायला कोरा कागद. मध्ये मध्ये तुम्हीच हळू शीळ घाला. तो हळू बोलला की लगेच उत्तर द्या, किंचाळला की पाठ फिरवून स्वयंपाकघरात जा. दहा मिनिटं हाक मारायचा हक्क मात्र त्याला द्यावाच लागेल. मुका पोपट हवा असेल तर मातीचा आणावा.

चावण्याआधी तो सांगतो. डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, अंग पुढे झुकतं. यातलं काही दिसलं की हात मागे घ्या. यात तुमची हार नाही. सांगितलेलं ऐकलं जातं हे कळलं, की चावायची गरज उरत नाही. विश्वास परत जमवायला आइस्क्रीमची लाकडी काडी पुरते. ती लांबून दाखवा, चोचीनं शिवली की सूर्यफुलाची एक बी. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि ही बी इतर वेळी द्यायचीच नाही. यजमानांनी तर आठवडाभर एवढंच करावं : येता-जाता वाटीत दाणा टाकायचा आणि न थांबता निघून जायचं.

खाण्याचं झटपट सांगते. मिरची-पेरू-डाळीवर पोपट जगतो, पण अ जीवनसत्त्व कमी पडतं. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी रोज द्या. समुद्रफेनाचा तुकडा लटकवा. चहात बुडवलेलं बिस्कीट, फरसाण, चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो कधीच नाही. अ‍ॅव्होकॅडो त्याला विषच आहे.

घरातल्या हवेबद्दल मात्र आपल्या गावाला वेगळं सांगावं लागतं. पुढच्या महिन्यात कूलर उतरतील. त्याच्या थेट झोतात पिंजरा नको आणि गेल्या वर्षीची कुबट जाळी न बदलता लावलेला कूलर तर मुळीच नको. त्या बुरशीनं पक्ष्यांची फुप्फुसं कायमची बिघडतात. मच्छर अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर त्याच्या खोलीत नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत मरतो, हे पुष्कळांना पक्षी गेल्यावर कळतं. आणि सासूबाई वयस्कर आहेत म्हणून : वाळलेली शी झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पोपटांपासून माणसाला होणारा एक ताप-खोकल्याचा आजार आहे. औषधानं बरा होतो, पण घरात कुणाला असा ताप आला तर डॉक्टरांना ‘आमच्याकडे पोपट आहे’ हे सांगायला विसरू नका. दृष्ट काढायची तर खुशाल काढू द्या, फक्त मिरच्या त्याच्या खोलीत जाळू नका.

हे सगळं लव्हबर्ड, बजरीगर, कॉकाटील पाळणाऱ्यांनाही लागू आहे. पण तुमचा पिंट्या त्यांच्यातला नाही, आणि इथे मला जरा अप्रिय बोलायचं आहे.

हिरवा देशी पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्यांना कळवावं, असं त्यात लिहिलेलं आहे. ‘आम्ही विकत आणला नाही, वाचवला’ हे खरं आहे आणि पहिल्या दोन दिवसांपुरतं ते पुरेसंही होतं. मी तुम्हाला दरडावत नाही. आमच्या आजोळी, नागपूरच्या महाल भागात, गोल पिंजऱ्यात एक राघू होता. पंख पुरते पसरता येत नव्हते त्याला. दिवसभर ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचा आणि आम्ही सगळे त्याच्या भक्तीचं कौतुक करायचो. कुणाच्या मनाला काही शिवलं नाही, माझ्याही नाही.

म्हणून जाऊबाईंचा जोडीदाराचा सल्ला बाद. देशी पोपट विकत घेणं म्हणजे कुठल्यातरी ढोलीतून ओरबाडलेल्या पिल्लाचे पैसे मोजणं. यजमानांचा अंबाझरीचा मार्ग त्याहून वाईट. पंख्यावरून पडद्यापर्यंत उडणारा, माणसाला न घाबरणारा, दाणा वाटीतच असतो असं समजणारा पोपट तळ्याकाठी सोडला तर पहिल्याच दिवशी घार, मांजर किंवा कुत्रा त्याला गाठेल. ती सुटका नव्हे, आपल्या डोळ्यांआड केलेली विल्हेवाट.

राहिले दोन मार्ग. एक, जसा आहे तसा घरात ठेवणं. हा पक्षी नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं जगतो, म्हणजे तुमच्या सत्तरीपर्यंत, तेही दर हंगामात हेच आणि कायद्याची टांगती तलवार घेऊन. दुसरा, त्याला सेमिनरी हिल्सवर वनखात्याच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये नेणं. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. तिथे वन्यप्राण्यांवर उपचार करणारी माणसं आहेत. पिंजरा, जस्त, पिसं, जुना पंख, सगळं ज्यांनी बघायला हवं तेच बघतील. तो पुन्हा उडू शकेल का, थव्यात मिसळेल का, की माणसांच्या देखरेखीखालीच राहील, हे त्यांना ठरवू द्या. ते तुम्हाला-मला हॉलमध्ये बसून ठरवता येणार नाही. आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. भीती वाटते आहे हे पत्रात दिसतं. मी वकील नाही, तेव्हा हमी देत नाही. पण कुणी तक्रार केल्यावर पोपट सापडणं आणि आपणहून घेऊन जाणं यात पुष्कळ फरक असतो. टाके घातल्याचा जुना कागद असेल तर जवळ ठेवा.

नेण्याआधी मुलाला फोन करा. शिडी त्यानं लावली होती, निरोप त्याच्याशिवाय नको. सुट्टी मिळत असेल तर त्यालाच घेऊन जा.

जाताना मोठा पिंजरा हलवू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं सुती फडकं अंथरून, ऊन चढायच्या आत निघा. नव्या पिंजऱ्याच्या गजांचा, चोचीनं खरवडलेल्या जागांचा जवळून फोटो काढा. आणि ज्या पिंजऱ्यात तो रात्री असेल त्याच्या तळाचा कागद आदल्या दिवशी बदलून ठेवा, पण सकाळी तो साफ करू नका. तसाच घडी घालून पिशवीत घ्या. शीचा हिरवा भाग कसा, पांढरा कसा, पाणी किती, हे डॉक्टरांना बघायचं असतं, आणि बहुतेक लोक नेमकं तेच पुसून येतात.